नव्या कायद्यांतील चार शब्द : कुर्डुवाडी परिसराच्या निमित्ताने एक भाषिक विचार

गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यात व देशात कायद्याच्या क्षेत्रात जे फेरफार झाले, त्यांची चर्चा बहुधा कायदेपंडित, व्यापारी आणि कामगार पुढारी यांच्यापुरतीच राहिली आहे. भाषेच्या अभ्यासकाने तीत पडावे असे वरकरणी काही दिसत नाही. परंतु कायदा अखेर शब्दांचाच बनलेला असतो आणि त्यातील पुष्कळसे वाद शब्दांच्या अर्थावरूनच उद्भवतात. ‘अमुक या शब्दाने अमुक असे समजावे’ या धाटणीचे व्याख्यांचे कलम बहुतेक अधिनियमांच्या आरंभी असते. त्या कलमात कोणाचा समावेश झाला व कोणाचा झाला नाही, यावर एखाद्या मजुराचे वेतन, एखाद्या मुलाचे नाव किंवा एखाद्या दुकानाची पाटी अवलंबून राहते. प्रस्तुत लेखात अशा चार शब्दांचा विचार करावयाचा आहे. पहिला व्यापाराशी, दुसरा कुटुंबाशी, तिसरा कामाच्या ठिकाणाशी आणि चौथा परगावाहून येणाऱ्या माणसाशी संबंधित आहे.

विवेचनासाठी कुर्डुवाडी हे गाव मुद्दामच निवडले आहे. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील हे गाव रेल्वेमुळे नावारूपास आले. १८९७ साली येथून बार्शीकडे अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग सुरू झाला आणि पुढे तोच मार्ग एकीकडे पंढरपूर-मिरजेपर्यंत व दुसरीकडे लातुरापर्यंत वाढला. मुख्य मार्गावरील या स्थानकाला त्या काळी ‘बार्शी रोड’ म्हणत. म्हणजे जे गाव प्रत्यक्ष होते त्याचे नाव पाटीवर नव्हते. ज्या गावाला जावयाचे त्याचे होते. नाव कोणाच्या सोयीसाठी दिले जाते, हा प्रश्न या गावाच्या इतिहासातच अशा रीतीने दडलेला आहे. पेठेतील दुकाने, रेल्वेचा कारखाना, गाडीतून उतरणारा परप्रांतीय मजूर आणि हंगामात भोवतालच्या उसाच्या फडांत उतरणाऱ्या टोळ्या, असे आपल्या विषयाचे चारही घटक येथे एका दृष्टिक्षेपात सापडतात.

१. फलक

महाराष्ट्रात दुकानांचे फलक मराठीत असावेत, हा दंडक नवा नाही. परंतु ‘महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७’ हा मूळ स्वरूपात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच मुख्यत्वे लागू करण्यात आला, आणि त्यामुळे लहान दुकाने फलकाच्या सक्तीतून निसटू लागली. २०२२ साली दुरुस्ती करून ही वाट बंद करण्यात आली. कामगारांची संख्या कितीही असो, फलकावर देवनागरी लिपीतील मराठी नाव असलेच पाहिजे, आणि दुसऱ्या लिपीतील अक्षरे मराठी अक्षरांहून मोठी असता कामा नयेत, असा नियम झाला. या सक्तीविरुद्ध व्यापाऱ्यांच्या एका संघटनेने केलेला अर्ज मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये फेटाळला. दुसऱ्या लिपीस येथे बंदी केलेली नाही, ही गोष्ट न्यायालयाने ध्यानात आणून दिली. पुढे २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियमाच्या पालनासाठी व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने या नियमातील मर्म असे की, त्यात भाषा आणि लिपी या दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. लिपी डोळ्यांना दिसते आणि अक्षराची उंची पट्टीने मोजता येते. भाषा मात्र अशी मोजता येत नाही. ‘मोबाईल शॉपी’ किंवा ‘किड्स वेअर’ हे देवनागरीत लिहिलेले शब्द मराठी आहेत काय? निरीक्षकाने याचे उत्तर कोणत्या कसोटीवर द्यावे? ‘शॉपी’ हे रूप तर इंग्रजी दुकानदारालाही अपरिचित वाटेल. ते आपल्याच पेठांतून घडले आणि रुळले. उलटपक्षी, ‘दुकान’ हा शब्द फारसीतून आला म्हणून त्याला कोणी परका मानीत नाही. तेव्हा कायद्याने अक्षराकडे पाहावे आणि शब्दाची जात विचारू नये, हेच व्यवहार्य होय. मात्र त्याबरोबर हेही मान्य करावयास हवे की, अशा कायद्याने लिपीचे रक्षण होते. भाषेचे रक्षण ज्याने त्याने बोलूनच करावयाचे असते.

याच संदर्भात अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकाचा निकाल अभ्यासकांनी अवश्य वाचावा. या परिषदेच्या इमारतीवर मराठीबरोबर उर्दूतही नाव होते, आणि ही प्रथा १९५६ पासूनची होती. एका माजी नगरसेविकेने तीस हरकत घेतली. ‘महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरणे (राजभाषा) अधिनियम, २०२२’ अन्वये मराठीशिवाय दुसरी भाषा वापरता येत नाही, असे तिचे म्हणणे. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही हरकत अमान्य केली. मराठीचा वापर आवश्यक आहे, याचा अर्थ इतर भाषेचा वापर निषिद्ध आहे असा होत नाही, हा त्या निर्णयाचा व्याकरणशुद्ध गाभा होय. ‘मराठी असावी’ आणि ‘मराठीच असावी’ या दोन वाक्यांतील अंतर एका अव्ययाचे आहे. विधिमंडळाने जो ‘च’ लिहिला नाही, तो वाचणाऱ्याने घालू नये. भाषा म्हणजे धर्म नव्हे, ती एका प्रदेशाची व लोकसमूहाची असते, हेही न्यायालयाने त्याच निकालात स्पष्ट केले. कुर्डुवाडीसारख्या गावातील नगरपरिषदेलाही हा निर्णय तितकाच मार्गदर्शक आहे.

२. नंतर

दुसरा शब्द एका क्रियाविशेषणाचा आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याच्या सहाव्या कलमात अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक कोण, हे सांगितले आहे : प्रथम पिता आणि त्याच्या नंतर माता. या ‘नंतर’चा अर्थ पित्याच्या मृत्यूनंतर असा घेतला जात असे. परिणामी पिता हयात असला, पण मुलाकडे ढुंकूनही पाहत नसला, तरी आईची सही पुरेशी ठरत नसे. रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांसाठी आईने केलेल्या एका अर्जावरून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी दिलेल्या गीता हरिहरन खटल्याच्या निकालात न्यायालयाने ठरविले की, येथे ‘नंतर’ म्हणजे केवळ ‘हयातीनंतर’ नव्हे, तर ‘अभावी’ किंवा ‘अनुपस्थितीत’ असाही त्याचा अर्थ होतो. पिता दूर असेल, उदासीन असेल किंवा त्याने स्वखुषीने भार आईवर सोपविला असेल, तर आई ही पालक होय. कलमातील एकही अक्षर बदलले नाही. बदलला तो केवळ एका शब्दाचा अर्थ. आणि तेवढ्याने असंख्य मातांची स्थिती पालटली.

इंग्रजी शब्दाचा हा दुहेरी अर्थ न्यायालयाला युक्तिवादाने सिद्ध करावा लागला. मराठीत त्याची गरज पडली नसती, असे म्हणावयास जागा आहे. आपल्याकडे ‘माघारी’ हा शब्द आहे. ‘मालकाच्या माघारी तिनेच दुकान सांभाळले’ या वाक्यात मालक बाजाराला गेला असेल किंवा कायमचा गेला असेल. शब्द दोन्ही अर्थांनी चालतो आणि नेमका अर्थ प्रसंगावरून कळतो. ‘पश्चात’ या शब्दाची मात्र मृत्यूकडे ओढ अधिक आहे. यावरून असे दिसते की, कायद्याच्या अनुवादकाने ‘नंतर’, ‘पश्चात’ आणि ‘माघारी’ यांपैकी कोणता शब्द निवडला, यावर मराठी वाचकाला होणारा अर्थबोध अवलंबून राहील. ही निवड म्हणजे निव्वळ शैलीचा प्रश्न खचित नव्हे.

कुटुंबविषयक अलीकडचा दुसरा फेरफार नावाविषयीचा आहे. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने असा निर्णय घेतला की, १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या शासकीय कागदपत्रांत प्रथम मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम असावा. विवाहित स्त्रीच्या बाबतीत नाव, पतीचे नाव व आडनाव ही रूढ पद्धत कायम राहिली. मराठी नाव आजवर तीन पदांचे होते. त्यातील मधले पद व्याकरणदृष्ट्या षष्ठीचे काम करते. ‘रमेश गणपत’ म्हणजे गणपतचा रमेश. प्रत्यय लोपला असला तरी संबंध शिल्लक आहे. नव्या पद्धतीत अशी दोन षष्ठ्यंत पदे शेजारी येतात, आणि दोन्हींचा संबंध पहिल्या पदाशी आहे, हे वाचणाऱ्याने जाणावयाचे असते. ज्याला ही पद्धत ठाऊक नाही असा परप्रांतीय अधिकारी दुसरे पद तिसऱ्याशी जोडील, हा संभव आहे.

मातेच्या नावाने ओळख सांगण्याची पद्धती या भूमीला अपरिचित नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. गौतमीपुत्र सातकर्णी व वासिष्ठीपुत्र पुळुमावी ही सातवाहन राजांची नावे नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत कोरलेली आहेत. अर्थात् त्या नावांतील ‘गौतमी’ व ‘वासिष्ठी’ ही पदे मातेच्या गोत्राची द्योतक आहेत, आणि त्यावरून राज्याचा वारसाही मातेकडून चालत असे, असा निष्कर्ष काढता येत नाही. आजही तसेच आहे. नावात आई आली म्हणजे मालमत्तेत आणि निर्णयात ती आपोआप येईल, असे समजणे भाबडेपणाचे होईल. तथापि जिला एकटीने मूल वाढवावे लागते, तिला शाळेच्या दाखल्यावर आपले नाव दिसणे ही गोष्ट लहान नाही. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतीच्या मृत्यूनंतर पुनर्विवाह केलेल्या मातेला मुलाचे आडनाव ठरविण्याचा अधिकार मान्य केला, तोही याच दिशेने पडलेला एक पाऊलठसा होय.

३. कोयता

तिसरा शब्द कायद्यात नाही, आणि तो तेथे नाही हाच प्रश्न आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र शासनाने चार श्रमसंहिता अमलात आणल्या : वेतन संहिता, २०१९ आणि औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा व व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती यांविषयीच्या २०२० च्या तीन संहिता. जुने २९ केंद्रीय कायदे त्यांत एकवटले आहेत. किमान वेतनाचा हक्क ठरावीक अनुसूचित उद्योगांपुरता न ठेवता सर्व कर्मचाऱ्यांपर्यंत नेण्यात आला. कामावर घेताना नियुक्तिपत्र देणे आवश्यक ठरले. ‘वेतन’ या संज्ञेची एकच व्याख्या करण्यात आली आणि वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक होत असतील, तर वरचा भाग वेतनातच धरावा, असे ठरले. मोटारगाडी किंवा दुचाकी चालवून एखाद्या ‘मंचा’मार्फत काम करणाऱ्यालाही सामाजिक सुरक्षा संहितेने प्रथमच एक नाव दिले.

मराठीत कामाच्या मोबदल्याला अनेक शब्द आहेत. पगार पोर्तुगीजांकडून आला, मजुरी फारसीतून आली, वेतन संस्कृतातून घेतले, आणि ‘रोज’ हा रोजंदारीच्या माणसाचा शब्द. रेल्वेच्या कारखान्यातील माणसाला पगार होतो. शेतावरील बाईला रोज मिळतो. हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. ते समाजातील पायऱ्या दाखवितात. या सर्वांना ‘वेतन’ या एका छत्राखाली आणणे, ही संहितेची भाषिक दृष्ट्याही मोठी कामगिरी आहे.

परंतु ऊसतोडीच्या व्यवहारात हिशेबाचे एकक वेगळेच आहे. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, सोलापूर जिल्ह्यातील कारखान्यांकडे ज्या टोळ्या येतात, त्यांची गणना माणशी होत नाही. ती ‘कोयत्या’वर होते. एक कोयता म्हणजे नवरा व बायको अशी जोडी. एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. हंगामापूर्वी मुकादम जी ‘उचल’ देतो ती कोयत्यामागे ठरते, आणि पुढे तोडलेल्या उसाच्या टनांवर तिची फेड होते. ऊस तोडणे, मोळी बांधणे आणि ती डोक्यावरून वाहून गाडीत भरणे यांतील स्त्रीचा वाटा प्रत्यक्षात कोणाहून कमी नसतो. हिशेबाच्या वहीत मात्र तिला स्वतंत्र ओळ नाही. हत्यारावरून माणसाला नाव पडणे हा लक्षणेचा साधा प्रकार आहे आणि तो सर्व भाषांत आढळतो. येथे मात्र एका लक्षणेने दोन माणसांचे एक माणूस केले आहे.

वेतन संहितेच्या तिसऱ्या कलमानुसार एकाच मालकाकडील सारख्या कामाच्या वेतनात लिंगावरून भेद करता येत नाही. पण असा भेद दाखविण्यासाठी आधी दोन वेतने वेगळी दिसावी लागतात. जेथे दोघांना मिळून एकच आकडा आहे, तेथे तुलना कशाशी करावयाची? नियुक्तिपत्र द्यावयाचे तर ते कोयत्याच्या नावे देता येणार नाही. ते एका पुरुषाच्या व एका स्त्रीच्या नावे स्वतंत्रपणेच द्यावे लागेल. म्हणून संहितेचा खरा लाभ या स्त्रियांपर्यंत पोहोचावयाचा असेल, तर वहीतील हा शब्द प्रथम फोडला पाहिजे.

४. स्थलांतरित

चौथ्या शब्दाचा इतिहास ओडिशापासून सुरू होतो. तेथे दलालामार्फत अग्रिम रक्कम देऊन मजुरांना परराज्यात नेण्याची जी पद्धत होती, तिला ‘दादन’ म्हणत. १९७५ साली त्या राज्याने तिच्यासाठी कायदा केला, आणि पुढे १९७९ मध्ये आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा केंद्रीय अधिनियम झाला. ‘दादन’ या फारसी शब्दाचा मूळ अर्थ ‘देणे’. आपला शब्द ‘उचल’ असा आहे. व्यवहार एकच; परंतु एका भाषेने त्याला देणाऱ्याच्या बाजूने नाव दिले आणि दुसरीने घेणाऱ्याच्या. ‘उचल’ म्हटले की, मजुराने आपण होऊन काही उचलले, आणि म्हणून फेडीचा भार त्याच्यावर, असा ध्वनी त्यात येतो. वेठबिगार पद्धती नष्ट करणाऱ्या १९७६ च्या अधिनियमाने अग्रिमाकडे नेमके उलट बाजूने पाहिले, आणि अग्रिमापोटी माणसाचे स्वातंत्र्य गहाण पडू नये अशी तजवीज केली.

१९७९ च्या अधिनियमात ठेकेदारामार्फत भरती झालेलाच मजूर ‘स्थलांतरित’ ठरत असे. जो आपल्या पायांनी गाडीत बसून कुर्डुवाडीला उतरला आणि ज्याने विचारपूस करून काम मिळविले, तो त्या शब्दाबाहेर होता. २०२० च्या संहितेने ही उणीव दूर केली. दुसऱ्या राज्यातून स्वतः होऊन आलेला व ठरावीक मर्यादेपर्यंत वेतन घेणारा कामगारही आता त्या व्याख्येत येतो. त्याला गावी जाण्या-येण्याच्या प्रवासभत्त्याची तरतूद आहे आणि स्वस्त धान्य मूळ राज्यात किंवा कामाच्या राज्यात घेण्याची सोय आहे. मात्र आस्थापनेत असे कामगार किती असावेत याची मर्यादा पाचावरून दहावर गेली, हेही सांगितले पाहिजे. एका हाताने शब्द रुंद केला आणि दुसऱ्या हाताने त्याचे दार थोडे वर उचलले.

याहून महत्त्वाची गोष्ट ‘आंतरराज्य’ या पूर्वपदाची आहे. विजापूर भागातून सीमा ओलांडून दक्षिण सोलापुरात आलेला मजूर या व्याख्येत बसू शकतो, कारण मध्ये राज्याची हद्द आहे. बीडहून माढ्याच्या फडावर आलेले जोडपे तीत बसत नाही, कारण मध्ये केवळ जिल्ह्याची हद्द आहे. तेच जोडपे पुढच्या वर्षी बेळगावकडील कारखान्यावर गेले, की त्याच्यापुरता शब्दाचा अर्थ बदलतो. घर दोन्ही वेळा बंद असते, मुलांची शाळा दोन्ही वेळा सुटते आणि पालाचे छप्परही तेच असते. कायद्याने अंतर मोजले नाही, उखडलेपण मोजले नाही. नकाशावरील एक रेघ तेवढी मोजली. राज्य शासनाने ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्वतंत्र कल्याण महामंडळ स्थापिले आहे, ते ही उणीव ध्यानात घेता योग्यच होय. पण महामंडळाची योजना आणि कायद्याची व्याख्या यांत फरक आहे. योजना मिळते, व्याख्येने हक्क सांगता येतो.

समारोप

या चार शब्दांवरून काही निष्कर्ष काढता येतात. फलकाच्या बाबतीत न लिहिलेला ‘च’ निर्णायक ठरला. पालकत्वाच्या बाबतीत लिहिलेल्या ‘नंतर’चा अर्थ रुंदावला. कोयत्याच्या बाबतीत लोकव्यवहारातील शब्द कायद्याच्या शब्दाला आडवा आला, तर स्थलांतरिताच्या बाबतीत कायद्याचा शब्द लोकजीवनाला अपुरा पडला. म्हणजे कायदा व भाषा यांचा संबंध एकाच प्रकारचा नाही, आणि परिभाषेचे कोश तयार केले म्हणजे काम संपले असेही नाही.

१९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषेचे मोठे कार्य केले आहे, हे कृतज्ञतेने सांगावेसे वाटते. तरीही भारतीय संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदामुळे राज्याच्या मराठी अधिनियमाचाही इंग्रजी पाठच अधिकृत मानला जातो. केंद्रीय कायद्यांचे प्रादेशिक भाषांतील प्राधिकृत पाठ प्रसिद्ध करण्याची तरतूद १९७३ च्या अधिनियमाने झाली. पण तो पाठ फडावरच्या माणसाला समजेल अशा मराठीत असेलच, अशी हमी कोणताही अधिनियम देऊ शकत नाही. हे काम विद्यापीठांतील भाषाविभागांचे आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या दृष्टीने दोन लहान अभ्यास हाती घ्यावेत, असे सुचवावेसे वाटते. एक, कुर्डुवाडी, बार्शी व पंढरपूर येथील पेठांतील फलकांची भाषा व लिपी यांची पद्धतशीर नोंद. दुसरा, मुकादमांच्या वह्या आणि तोंडी व्यवहार यांतील शब्दसंग्रह : कोयता, उचल, टोळी, फड, मोळी, अंगावर फिरणे इत्यादी. पहिल्यातून कायद्याने भाषेत काय बदलले ते कळेल. दुसऱ्यातून भाषेने कायद्याला कोठे थोपवून धरले आहे ते कळेल. यांपैकी दुसरा अभ्यास अधिक निकडीचा आहे. कारण ज्या स्त्रीचे नाव आज वहीत नाही, तिचे नाव उद्या नियुक्तिपत्रावर यावयाचे असेल, तर ती ‘अर्धा कोयता’ नव्हे, हे प्रथम कोणीतरी लिहून ठेवले पाहिजे.